कॉमिक आणि रंगीत पेन्सिली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रंगीत पेन्सिलींनी कॉमिक रंगवणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांची अडचण हाताची नाही, क्रमाची आहे. त्यामुळे क्रमाबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : मी चित्र काढून आधी रंगवते आणि शेवटी काळ्या फाइनलायनरनं (बारीक टोकाच्या पेननं) रेषा ओढते. पेन मध्येच उमटेनासं होतं. उलट केलं, म्हणजे रेषा आधी आणि रंग नंतर, तर काळी रेषा राखाडी दिसू लागते. नेमका क्रम काय ठेवावा?

शाई आधी, रंग नंतर. रंगीत पेन्सिलीच्या शिशात रंगद्रव्याबरोबर मेण किंवा तेल असतं. त्या थरावर पाण्याची शाई धरत नाही, आणि मेणाचे कण पेनच्या टोकात अडकले की ते पेन पुढे साध्या कागदावरही नीट चालत नाही. दोनतीन पेनं अशी वाया गेली की क्रम आपोआप बदलतो, पण ती वाया जायची गरज नाही.

कच्चं चित्र एचबी किंवा २एच पेन्सिलनं, हलक्या हातानं काढा. त्यावर पक्क्या, पाण्यानं न पसरणाऱ्या पिगमेंट (रंगद्रव्याच्या) शाईनं रेषा ओढा. बारीक रेषा काही मिनिटांत वाळते. ब्रशनं किंवा टाकानं भरलेले काळे भाग मात्र रात्रभर राहू द्या, वरून वाळलेली शाई आत ओली असू शकते. मग ग्रॅफाइट उचला. साधा खोडरबर घासला तर शाईचा काळेपणाही थोडा उतरतो, म्हणून मळलेल्या पिठासारखा मऊ रबर दाबून दाबून उचलावा. ग्रॅफाइट राहिलं तर पिवळा आणि गुलाबी हमखास मळतात.

रेषा राखाडी का पडते, तर तिच्यावर मेणाचा पातळ पापुद्रा बसतो म्हणून. सगळ्यात जास्त त्रास पांढऱ्या, साय रंगाच्या आणि फिकट गुलाबी पेन्सिलींचा, कारण त्यांत अपारदर्शक पांढरं रंगद्रव्य भरपूर असतं. असे रंग रेषेवरून नेऊ नका, रेषेला टेकवून थांबवा. गडद निळा, तपकिरी, जांभळा रेषेवरून गेला तरी फारसं बिघडत नाही. रंगकाम संपलं की जिथे रेषा दबलीय तिथे काळ्या रंगीत पेन्सिलीला सुईसारखं टोक करून तीच रेषा पुन्हा ओढा. मेणावर मेण छान बसतं. नवीन शाईची गरज पडत नाही.

आणखी एक. रेषा मुळातच थोडी जाड ठेवा. ए३ कागदावर काढून ए४ आकारात छापायचं असेल तर सगळं साधारण ७१ टक्क्यांवर येतं, म्हणजे ०.५ मिलिमीटरची रेषा ०.३५ होते. पेनावरचा आकडा म्हणजे मिलिमीटर नव्हे, हे लक्षात असू द्या. पिग्मा मायक्रॉन या फाइनलायनरचं ०५ म्हणजे ०.४५ मिमी, ०१ म्हणजे ०.२५ आणि ००५ म्हणजे ०.२०. रंगीत पेन्सिलीच्या दाणेदार पोतात ०.२० ची रेषा हरवून जाते. पात्राच्या बाहेरच्या कडेला ०८ (०.५० मिमी), आतल्या तपशिलाला ०३ (०.३५ मिमी) ही जोडी बहुतेक पानांना पुरते.

प्रश्न : आकाश किंवा भिंत असा मोठा भाग रंगवला की कागदाचे पांढरे ठिपके मधूनमधून दिसत राहतात. छापील कॉमिकसारखा सपाट रंग पेन्सिलीनं येतच नाही का?

येतो. ठिपके म्हणजे कागदाच्या खळग्यांत रंग पोहोचलेला नाही. कागद जवळून पाहिला तर त्यावर बारीक उंचवटे आणि खळगे दिसतात. पेन्सिल आडवी धरून घासली की शिसं फक्त उंचवट्यांना लागतं आणि खळगे कोरे राहतात. मग माणूस जोर लावतो. जोरानं उंचवटे चपटे होतात, मेणानं गुळगुळीत होतात आणि त्यानंतर कितीही रंग घातला तरी तो घसरतो. ठिपके कायमचे राहतात.

म्हणून पहिले थर दाब न देता द्या. टोक तीक्ष्ण करा, पेन्सिल बरीचशी उभी धरा आणि लहान लहान, एकमेकांवर चढणारी अंडाकृती वळणं घेत पुढे सरका. पहिला थर आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरपा, चौथा उलट तिरपा. हात वळवण्याऐवजी कागद फिरवा. तळहाताएवढा भाग झाला की पुन्हा टोक करा. बोथट झालेलं टोक खळग्यात उतरत नाही, सारा खेळ तिथेच बिघडतो. आकाशासाठी एकच निळी वापरण्यापेक्षा फिकट निळीचे दोन थर, त्यावर मधल्या निळीचा एक आणि परत फिकट निळीचा एक द्या. दोन छटा एकमेकींचे खळगे भरतात.

शेवटी घोटायचं. रंगहीन ब्लेंडर पेन्सिल किंवा त्याच कुळातली सगळ्यात फिकट पेन्सिल घेऊन बऱ्यापैकी दाबानं सगळ्या भागावर फिरवली की कण एकमेकांत दबतात आणि रंग एकसंध होतो. घोटल्यावर मात्र नवा थर जवळजवळ धरत नाही, तेव्हा सावल्या, ढग, छटा आधीच संपवा.

पानंच्या पानं करायची असतील तर आम्ही वेगळाच मार्ग सुचवू. खाली अल्कोहोल मार्करचा किंवा जलरंगाचा फिकट सपाट थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि वर पेन्सिलीचे दोनच थर चढवा. खळग्यांत आधीच रंग असल्यानं पांढरं काही डोकावत नाही आणि वेळ निम्म्याहून कमी लागतो. मार्कर आधी, पेन्सिल नंतर. उलट केलं तर मार्करचं टोक मेणानं बुजतं. मार्करखाली तुमची शाई पसरते का, ते कागदाच्या कोपऱ्यात आधी तपासून पाहा. जलरंग वापरणार असाल तर ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) हॉट-प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा कागद घ्या, पातळ कागदाला पोक येतो.

आणि प्रत्येक पार्श्वभूमी अशी घोटायलाच हवी असं नाही. बोलणाऱ्या चेहऱ्यामागची भिंत दाणेदार राहिली तर चेहरा उलट पुढे येतो. वाचक चौकटीत क्षणभर थांबतो. तो क्षण जिथे जायला हवा तिथे मेहनत घाला.

प्रश्न : मेणाच्या पेन्सिली घ्याव्यात की तेलाच्या? आणि १२० रंगांचा संच लागतोच का?

मेणाधारित (उदाहरणार्थ प्रिझ्माकलर प्रीमियर) मऊ असतात, पटकन भरतात, रंग एकमेकांत लवकर मिसळतात. पण टोक टिकत नाही आणि दाट भागावर पुढे पांढुरकी झाक येऊ शकते. तेलाधारित (फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस, १९०८ पासून बनतात) थोड्या कडक. टोक बराच वेळ राहतं, कडा नेमकी येते, कागदावर चुरा कमी पडतो. कॉमिकमध्ये चेहरा कधी कधी नखाएवढा असतो, त्यामुळे आमचं मत तेलाच्या बाजूनं. मोठ्या चौकटी, मऊ प्रकाश असं काम असेल तर मेणाच्या जास्त सुखाच्या. दोन्ही एकाच पानावर चालतात. तेव्हा कडक पेन्सिलीचे थर खाली आणि मऊ वर, एवढं पाळा.

१२० लागत नाहीत. एका कथेला १२ ते १४ पेन्सिली निवडून बाकीचा डबा बंद ठेवलेला उत्तम. रंग मोजके असले की पानं एकाच गोष्टीतली वाटतात.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्या पेन्सिलींचं शिसं शार्पनरमध्येच तुटतं. टोक करत गेलो की पेन्सिल संपते पण टोक येत नाही.

तुझी पेन्सिल कधीतरी खाली पडली असणार. वरून लाकूड धड दिसतं, पण आतलं शिसं दोनतीन ठिकाणी तडकतं आणि मग प्रत्येक तुकडा टोक करताना गळून पडतो. अशा पेन्सिलीला शार्पनर लावूच नकोस. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन कटरनं लाकूड हलकेच सोल, शिसं फार उघडं करू नकोस आणि टोक बारीक सँडपेपरवर घासून काढ.

न पडलेली पेन्सिलही तुटत असेल तर दोष पात्याचा. बोथट पातं लाकूड कापत नाही, ओढतं. पातं बदल, आणि टोक करताना पेन्सिल स्थिर धरून शार्पनर फिरव. पेन्सिल पिळली की मऊ शिशावर ताण येतो. नवी घेताना मागचं टोक निरखून बघ, शिसं लाकडाच्या बरोबर मध्यभागी हवं. एका बाजूला सरकलेलं असेल तर ती पेन्सिल शेवटपर्यंत छळते. मायक्रोवेव्हमध्ये गरम करून शिसं जोडायचा उपाय कोणी सांगितला तर अजिबात करू नकोस. पेन्सिलीवरच्या चकचकीत अक्षरांत धातूचा वर्ख असू शकतो, त्यातून ठिणग्या उडतात.

प्रश्न : रात्रीचा प्रसंग काळ्या पेन्सिलीनं भरला तर मळकट राखाडी दिसतो. खिडकीतला उजेडही हिरवट होतो.

दोन वेगळे दोष आहेत. काळी पेन्सिल खळगे पूर्ण भरत नाही आणि तिच्यावर मेणाची चमक असते, म्हणून स्कॅनमध्ये ती राखाडी येते. जिथे निखळ काळं हवं तिथे ते शाईनंच भरा, रंगाला हात लावण्याआधी. झाडाचा बुंधा, दाराआडचा अंधार, पात्राची पडलेली सावली अशा दोनतीन जागा. उरलेलं आकाश गडद निळा, त्यावर जांभळा, त्यावर गडद तपकिरी, परत गडद निळा अशा थरांनी चढवा. काळी शेवटी, अगदी हलकी, फक्त चौकटीच्या कोपऱ्यांत. असा अंधार काळ्यापेक्षा खोल दिसतो.

हिरवटपणा येतो निळा पिवळ्यावर गेल्यानं. खिडकीची काच कागदाची पांढरीच ठेवा. तिच्याभोवती फिकट पिवळा, बाहेर जाताना विरत जाणारा. त्याच्या कडेला नारिंगी, मग विटकरी किंवा लालसर तपकिरी, आणि त्यानंतर निळ्याची सुरुवात. पिवळा आणि निळा यांच्यामध्ये पाच-सात मिलिमीटरचा हा उबदार पट्टा असला की दोघं भेटत नाहीत. उजेड नेहमी आधी रंगवा. गडद थरावर फिकट पेन्सिल चढत नाही.

प्रश्न : पाऊस, डोळ्यातली चमक, केसांतली पांढरी रेघ या गोष्टी शेवटी पांढऱ्या पेन्सिलीनं काढल्या तर दिसत नाहीत.

पांढरी पेन्सिल गडद थरावर फक्त धुरकटपणा आणते. पावसासाठी रंगवण्याआधीच कागदावर रेघा दाबून ठेवा. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा, चित्राखाली तीन-चार कागदांची गादी करा आणि शाई संपलेल्या बॉलपेननं पावसाच्या रेघा दाबून ओढा. ट्रेसिंग काढल्यावर काहीच दिसणार नाही, कागद उजेडात तिरपा धरला तरच चऱ्या दिसतील. मग पेन्सिल थोडी आडवी धरून वरून रंग न्या. शिसं चरीवरून उडी मारून जातं आणि पांढऱ्या रेघा आपोआप उमटतात. चरीच्या दिशेनं मात्र रंगवू नका, टोक आत उतरतं. एकदा पडलेली चरी मिटत नाही, म्हणून वेगळ्या तुकड्यावर दाबाचा अंदाज घ्या. या एका युक्तीनं मिशा, जाळी, गवताची पाती सगळं होतं.

डोळ्यातल्या चमकेला पांढऱ्या जेल पेनचा एक ठिपका पुरतो. खाली मेण दाट असेल तर तो धरणार नाही. पात्याच्या टोकानं तेवढी जागा अलगद खरवडा आणि बारीक ब्रशनं घट्ट पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग) लावा.

प्रश्न : संवादाचे फुगे रंगवून झाल्यावर लिहिले तर अक्षरं बसत नाहीत, मात्रा वरच्या ओळीत घुसतात.

लेखन शाईच्या टप्प्यातच करा, रंगाच्या कितीतरी आधी. आणि फुगा आधी काढून त्यात शब्द कोंबू नका. आधी शब्द, मग त्यांच्याभोवती फुगा.

कॉमिकच्या लेखनाची बरीचशी मापं रोमन मोठ्या अक्षरांसाठी सांगितलेली असतात, आणि तिथे अक्षरावर-खाली काही नसतं. देवनागरीला तीन मजले लागतात. ए३ पानावर शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत ४.५ मिमी, वर वेलांटी, मात्रा, रफारासाठी २.५ मिमी आणि खाली उकार-ऋकारासाठी २.५ मिमी. म्हणजे एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत साडेनऊ ते दहा मिमी अंतर हवं. फिकट पेन्सिलनं प्रत्येक ओळीला शिरोरेषा आणि तळ अशा दोनच रेघा आखा. ‘कुर्बानी’सारख्या शब्दाखाली ‘कीर्ती’ आली की उकार आणि रफार भिडतात, तिथे शब्द पुढच्या ओळीत ढकला किंवा संवाद एका शब्दानं कमी करा. ०५ चं पेन चांगलं. अनुस्वाराचा ठिपका ठसठशीत द्या, आकार लहान झाल्यावर पहिल्यांदा तोच नाहीसा होतो.

रंगवताना फुग्याच्या आकाराचा कागद कापून वर ठेवा आणि तळहाताखाली कोरा कागद असू द्या. फुग्यात गेलेला डाग खोडरबरानं पसरतो. पोस्टर चिकटवायची पुटी दाबून उचलली तर बराचसा निघतो.

प्रश्न : नायकाचा सदरा पहिल्या पानावर केशरी आणि सातव्या पानावर विटकरी दिसतो. पेन्सिल तीच आहे.

पेन्सिल तीच, पण थर आणि क्रम वेगळे झाले. त्याच कागदाच्या पट्टीवर प्रत्येक पात्राचं रंगकार्ड करा. नमुना आणि शेजारी पेन्सिलीचा क्रमांक, थरांची संख्या, क्रम. सावळ्या अंगासाठी असं : पिवळसर मातकट दोन थर, विटकरी एक, तपकिरी एक, सावलीला जांभळा एक, शेवटी परत मातकट. सावलीत काळा नाही, काळ्यानं कातडी मेलेली दिसते.

दुसरं म्हणजे चौकटीनुसार न रंगवता रंगानुसार रंगवा. तीनचार पानं समोर ठेवा, सगळीकडचे सदरे एका बैठकीत. दिवसाउजेडी सुरू केलेलं पान पिवळ्या बल्बखाली पूर्ण करू नका. टोक क्रमांक नसलेल्या बाजूनं करा, नाहीतर अर्ध्या कथेत ती कोणती छटा होती तेच कळेनासं होतं.

प्रश्न : कच्च्या चित्रासाठी निळी पेन्सिल वापरतात ती का? आणि शाईच्या रेषेशिवाय कॉमिक करता येईल का?

जुन्या छपाईत पानाचा फोटो काढत, त्या फिल्मवर ठरावीक फिकट निळा उमटत नसे, म्हणून तो खोडावाच लागत नसे. आता पान रंगीत स्कॅन करून लाल, हिरवा, निळा या तीन चॅनेलांपैकी (रंगांच्या थरांपैकी) निळा तेवढा ठेवला की फिकट निळ्या रेषा गायब होतात आणि काळी शाई उरते. हा उपाय काळ्या-पांढऱ्या पानाला. त्याच कागदावर रंगवायचं असेल तर निळी नको, पिवळ्याखाली ती हिरवी होते. अंगाचं कच्चं काम विटकरीनं, कपड्यांचं कपड्याच्या रंगानं करा.

शाईशिवाय जरूर करता येतं. रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ (१९७८) हे शब्दांविना, चौकटींत सांगितलेलं पुस्तक रंगीत पेन्सिलींनीच केलेलं आहे. तिथे काळी बाह्यरेषा नाही. रेषा नसेल तर शेजारच्या दोन रंगांत गडद-फिकट फरक ठळक हवा. मोबाइलवर पानाचा फोटो काढून कृष्णधवल करून बघा. पात्र पार्श्वभूमीत विरघळलं तर एक बाजू एक-दोन थरांनी गडद करा.

प्रश्न : कागदावर सुंदर दिसणारं पान स्कॅन केलं की फिकं आणि खरखरीत येतं. काही पानांवर महिन्याभरानं पांढरी बुरशीसारखी झाकही आली आहे.

ती बुरशी नाही, मेण आहे. दाट थरातलं मेण हळूहळू वर येतं. मऊ सुती कापडानं अलगद पुसा, जातं. ते परत येऊ नये म्हणून फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या फवाऱ्याचे, दोनतीन पातळ हात द्या, साधारण ३० सेंटिमीटरवरून, उघड्या हवेत, तोंडाला मास्क लावून. पण आधी स्कॅन, मग फवारा, कारण फवाऱ्यानं काही रंग गडद होतात.

खरखर येते कारण बऱ्याच स्कॅनरचा दिवा कागदावर एका बाजूनं उजेड टाकतो आणि प्रत्येक खळग्याची सावली पडते. पान एकदा सरळ, एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करा. दुसरी प्रतिमा संगणकावर उलटी करून पहिलीवर तंतोतंत ठेवा आणि तिची अपारदर्शकता ५० टक्के करा. दोन्ही बाजूंच्या सावल्या एकमेकींना खोडतात, दाणा मऊ होतो. ए३ पान ए४ करून छापायचं तर ३०० डीपीआयचा (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन आकार घटल्यावर जवळजवळ ४२४ होतो, रंगाला तो भरपूर आहे. बारीक अक्षरं असतील तर ६०० ठेवा. स्कॅनरमधलं आपोआप रंग सुधारणं आणि धार वाढवणं बंद करा.

फिकेपणा बहुतेक वेळा आपणच आणतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून उजळपणा वाढवला की पहिले उडतात ते गालावरचे आणि आकाशातले हलके थर. पानाच्या कडेला तुमच्या पेन्सिलींची पट्टी चिकटवून तीही स्कॅन करा आणि पडद्यावरची पट्टी हातातल्या पट्टीशी जुळेपर्यंतच फेरफार करा. झगझगीत जांभळा, केशरी आणि पोपटी चार रंगांच्या छपाईत उतरत नाहीत. त्या छटांवर कथेतला महत्त्वाचा तपशील अवलंबून ठेवू नका. आणि पान काचेवर ठेवण्याआधी मेणाचा चुरा मऊ ब्रशनं झटका. हातानं झटकला तर तोच चुरा फुग्यांच्या पांढऱ्यावर रेघ ओढून जातो.